डॉक्टरांनी ऐकलं का? चला, मोजून पाहू

(संघाच्या वार्षिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्या मैत्रिणींना सभेला येता आलं नाही त्यांनी जरूर वाचावा आणि गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा.)



मला बोलायला वीस मिनिटं दिली आहेत. मागे भाताचा वास सुटलाय, त्यामुळे मी वेळ पाळणार आहे. दरवर्षी मी इथे उभी राहून बचत, कर्ज आणि परतफेडीचे आकडे सांगते. आज वेगळा विषय घेतलाय. आपण दवाखान्यात जातो तेव्हा डॉक्टर आपलं किती ऐकतात? आणि ते मोजता येतं का?

सुरुवात माझ्या आईपासून करते. तिला विचारूनच सांगतेय. ती म्हणाली, "सांग, कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

माझी आई तिकडे आमच्या गावच्या गटात आहे, अगदी तुमच्यासारखीच. मी एमएसडब्ल्यूच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा ती एकटी एका दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" आई म्हणाली, "गुडघे दुखतात, थकवा येतो." डॉक्टर लिहायला लागले. गुडघ्याच्या गोळ्या, ताकदीचं औषध, पुढचा पेशंट. महिन्याने ती परत गेली, परत तेच झालं. असं आठ महिने चाललं. मग एक दिवस शेतात चक्कर येऊन पडली. तपासलं तर रक्त सहावर आलेलं. आईला दीड वर्षापासून अंगावरून खूप लाल जात होतं. गर्भाशयात गाठ होती. रक्ताच्या पिशव्या चढवल्या, ऑपरेशन झालं, गटातून कर्ज काढलं. आज ती बरी आहे.

मी तिच्यावर चिडले. म्हटलं, "आई, आठ महिने तू दवाखान्यात जात होतीस. मग हे सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "सांगायलाच गेले होते. आधी गुडघ्याचं सांगितलं, म्हटलं मग सांगू. त्यांनी पुढं विचारलंच नाही. आणि माझ्या मागं माणसं उभी होती."

मैत्रिणींनो, इथे बसलेल्यांपैकी किती जणींचं असं झालंय? हात वर नका करू, मला माहीत आहे. आपण जी गोष्ट सांगायला जातो ती पहिल्या वाक्यात सांगत नाही. आधी सोपं सांगतो. डोकं दुखतं, कंबर दुखते, भूक लागत नाही. डॉक्टरांचा चेहरा बघतो आणि मग ठरवतो, पुढचं सांगायचं की नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे तर नेहमीचंच आहे. मोजायचं काय त्यात?

आधी एक खेळ

सभेत आपण एक खेळ खेळलो, तो इथेही सांगते. पुढच्या रांगेतल्या एका काकूंना मी उभं केलं. म्हटलं, "काकू, मी डॉक्टर. सांगा, काय होतंय?" आणि मोबाईलमध्ये घड्याळ लावलं. काकू म्हणाल्या, "आता बघा, जावेच्या पोराच्या लग्नाला आम्ही गेलो होतो तिकडं, तर तिथून आल्यापासून मला..." तेवढ्यात मी म्हटलं, "थांबा! अठरा सेकंद झाले." सगळ्या हसल्या. काकूही हसल्या. म्हणाल्या, "अगं, अजून मी लग्नातून घरी पण नाही आले!"

हे अठरा सेकंद मी मनाने काढलेले नाहीत. 1984 साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी दवाखान्यातल्या 74 भेटींची ध्वनिमुद्रणं ऐकली. रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यावर डॉक्टर किती वेळाने त्याला मध्येच तोडतात ते त्यांनी घड्याळ लावून मोजलं. सरासरी निघाली 18 सेकंद. 74 पैकी फक्त 17 रुग्णांचं सुरुवातीचं म्हणणं पूर्ण झालं. म्हणजे शिकलेल्या माणसांच्या, मोठ्या पगाराच्या डॉक्टरांच्या देशातही आपल्या काकू लग्नातच अडकल्या असत्या.

डॉक्टर का तोडतात? त्यांना भीती असते की एकदा बोलायला दिलं की हा माणूस थांबणारच नाही. मग स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहराच्या मोठ्या रुग्णालयात हेही मोजून पाहिलं. 2002 साली ते छापून आलं. तिथल्या डॉक्टरांना सांगितलं होतं की रुग्ण स्वतःहून थांबेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. 335 रुग्णांची वेळ मोजली. सरासरी लागली 92 सेकंद, म्हणजे दीड मिनिट. शंभरातल्या 78 जणांचं दोन मिनिटांच्या आत सांगून झालं. पाच मिनिटांहून जास्त बोलणारे फक्त सात निघाले, आणि त्यांचंही बोलणं कामाचंच होतं असं डॉक्टरांनी सांगितलं.

दीड मिनिट. चहाला उकळी यायला याहून जास्त वेळ लागतो.

मोजायच्या तीन पद्धती

जगात डॉक्टरांचं ऐकणं मोजायच्या मुख्य तीन पद्धती आहेत. पहिली आत्ता सांगितली, घड्याळाची.

दुसरी पद्धत ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. यात गावातलीच माणसं शिकवून तयार करतात आणि रुग्ण म्हणून डॉक्टरकडे पाठवतात. त्यांना आजार नसतो, पण काय सांगायचं ते पाठ केलेलं असतं. एकाने छातीत दुखतं म्हणायचं, दुसऱ्याने दम लागतो म्हणायचं, तिसऱ्याने घरी लेकराला जुलाब होतायत म्हणायचं. डॉक्टर काय विचारतो, तपासतो का, किती वेळ देतो, हे बाहेर येऊन लिहायचं. जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातल्या खेड्यांत आणि दिल्लीत असं केलं. 2012 साली ते प्रसिद्ध झालं. मध्य प्रदेशात एका रुग्णाला सरासरी चार मिनिटंही मिळाली नाहीत. जे प्रश्न विचारायला हवेत आणि ज्या तपासण्या करायला हव्यात, त्यातल्या एक तृतीयांशाच्या आसपासच झाल्या. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याला चार प्रश्न विचारायला हवेत आणि एकच विचारला, तर योग्य आजार सापडणार कसा?

तिसरी पद्धत आपल्या कामाची आहे. रुग्णाला विचारायचं.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात स्ट्युअर्ट मर्सर नावाचे डॉक्टर आणि त्यांचे सहकारी यांनी 2004 साली दहा प्रश्नांचा एक कागद तयार केला. डॉक्टरांनी तुम्हाला मोकळं वाटू दिलं का, तुमची गोष्ट सांगू दिली का, खरंच ऐकलं का, नीट समजावून सांगितलं का, असे ते प्रश्न आहेत. प्रत्येकाला एक ते पाच मार्क, एकूण पन्नास. आज कितीतरी देशांत हा कागद वापरतात. अमेरिकेत तर दवाखान्यात राहून घरी गेलेल्या रुग्णांना विचारतात, "डॉक्टरांनी तुमचं लक्ष देऊन किती वेळा ऐकलं? कधीच नाही, कधी कधी, बहुतेक वेळा, की नेहमी?" प्रत्येक रुग्णालयाचा निकाल 2008 पासून सगळ्यांना पाहायला मिळतो. 2012 पासून सरकारकडून रुग्णालयाला मिळणाऱ्या पैशांचा थोडा भाग या उत्तरांवरही ठरतो.

आपल्या राज्यालाही हे अगदी नवीन नाही. 2007 पासून महाराष्ट्रात आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. सुरुवातीला अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत. गावातल्या लोकांनी विचारून विचारून दवाखान्याचं प्रगतिपत्रक भरलं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडलं. औषधं आहेत का, डॉक्टर जागेवर असतात का, पैसे मागतात का, हे सगळं त्यात आलं. आपल्याला त्यात फक्त एक ओळ वाढवायची आहे: ऐकतात का?

ऐकणं म्हणजे गोड बोलणं नव्हे

काही जणी म्हणतील, "डॉक्टर गोड बोलले काय आणि तिखट बोलले काय, गोळी लागू पडली म्हणजे झालं."

गोळी लागू पडायला आधी आजार कळायला हवा. आणि बायकांचे बरेच आजार विचारल्याशिवाय कळत नाहीत. आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 650 बायकांना विचारलं आणि तपासलं. 1989 साली ते जगासमोर आलं. शंभरातल्या 92 जणींना स्त्रियांचा कुठला ना कुठला आजार होता. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या किती होत्या? शंभरात फक्त आठ. म्हणजे गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरात आजार होता, आणि तो कुणाच्या वहीत नव्हता. कुणी विचारलं नाही, म्हणून कुणी सांगितलं नाही.

आता गटाच्या हिशोबाने बघा. तुमच्या गटाचं कर्ज रजिस्टर उघडा. कर्जाचं कारण या रकान्यात "दवाखाना" किती वेळा लिहिलंय ते मोजा. त्यातलं एकाच बाईचं, एकाच आजारासाठी, दोनदा-तीनदा घेतलेलं कर्ज किती ते बघा. माझ्या आईचे आठ महिन्यांचे गाडीभाडे, गोळ्यांचे पैसे, बुडालेली मजुरी, आणि शेवटी ऑपरेशनचं कर्ज. पहिल्याच भेटीत एक प्रश्न जास्त विचारला असता, तर गाठ तेव्हाच कळली असती. इतकं रक्त गेलं नसतं आणि यातला बराच पैसा वाचला असता.

तो एक प्रश्न कोणता, हेही मोजलेलं आहे. अमेरिकेत हेरिटेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली एक साधी गोष्ट करून पाहिली. रुग्णाने पहिली तक्रार सांगितली की काही डॉक्टरांनी विचारायचं, "आणखी काही नाही ना?" अशा अर्थाचं, आणि काहींनी विचारायचं, "आणखी काय सांगायचंय?" अशा अर्थाचं. शब्दांत एवढाच फरक. पण दुसऱ्या पद्धतीने विचारल्यावर मनात राहून जाणाऱ्या तक्रारी शंभरातल्या 78 ने कमी झाल्या. आणि भेटीचा वेळ काही फारसा वाढला नाही. "आणखी काही नाही ना" म्हटलं की आपण आपोआप "नाही नाही" म्हणतो. पाहुण्याला "जेवून आला असाल ना?" असं विचारल्यासारखंच आहे ते.

आपले पाच प्रश्न

संघाच्या आरोग्य उपसमितीत आम्ही बसून एक कागद तयार केला. आपली पंचसूत्री आहे तसे यातही पाचच प्रश्न ठेवले, म्हणजे लक्षात राहतील.

1. डॉक्टरांनी तुमचं बोलणं पूर्ण होऊ दिलं का?
2. "आणखी काय त्रास होतोय?" असं त्यांनी स्वतःहून विचारलं का?
3. तुमच्या मागे दुसरी माणसं नसताना बोलता आलं का?
4. आजार काय आहे आणि गोळी कशासाठी आहे, हे तुम्हाला कळेल असं सांगितलं का?
5. जे सांगायला गेला होतात, ते सांगून झालं का?

"हो" म्हटलं तर दोन मार्क, "थोडंफार" म्हटलं तर एक, "नाही" म्हटलं तर शून्य. एकूण दहा.

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला, सरळ विचारा ना, डॉक्टर चांगले आहेत का? आम्ही तेही एका गटात विचारून पाहिलं. सगळ्या म्हणाल्या, "चांगले आहेत की." आपल्याला कुणाला नावं ठेवायला आवडत नाही, आणि उद्या त्याच दवाखान्यात जायचं असतं. मग त्याच बायकांना पाचवा प्रश्न विचारला. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाली, "ते राहूनच गेलं." मग दुसरी म्हणाली, "माझं पण."

म्हणून "कसे आहेत" हे विचारायचं नाही. "काय झालं" हे विचारायचं.

त्याच गटातली अजून एक गोष्ट सांगते, कारण फक्त वाईटच मोजलं तर तो हिशोब खोटा होईल. एका वहिनीने पाचही प्रश्नांना "हो" म्हटलं. मी विचारलं, असं काय केलं त्या डॉक्टर मॅडमनी? ती म्हणाली, "मी बोलायला लागले तर त्यांनी पेन खाली ठेवलं." एवढंच. त्या वहिनीने त्या दिवशी पाच वर्षं कुणाला न सांगितलेला त्रास सांगितला. अशा डॉक्टरांचेही मार्क लिहिले गेले पाहिजेत आणि ते त्यांच्यापर्यंत पोचले पाहिजेत.

मोजताना पाळायचे नियम

रजिस्टर चुकीचं भरलं तर काय होतं ते आपल्या लेखापाल ताईंना विचारा. तसंच इथे आहे.

विचारायचं ते घरी जाऊन किंवा गटाच्या बैठकीनंतर बाजूला बसून. दवाखान्याच्या बाकावर विचारायचं नाही. तिथे खरं उत्तर येत नाही.

भेट झाल्यावर तीन दिवसांच्या आत विचारायचं. महिन्याने विचारलं तर फक्त राग किंवा आनंद आठवतो, काय झालं ते आठवत नाही.

बाईचं नाव लिहायचं नाही. आजारही लिहायचा नाही. तो आपल्याला कळायची गरज नाही. तारीख, दवाखाना आणि पाच उत्तरं, बास.

आशाताईंना हे काम द्यायचं नाही. त्यांना त्याच दवाखान्यातून काम करायचं असतं, त्यांना अडचणीत आणायचं नाही. दुसऱ्या गटातल्या ताईने विचारायचं, म्हणजे विचारणारीला आणि सांगणारीला दोघींना मोकळं वाटेल.

एका दवाखान्याच्या निदान तीस बायकांची उत्तरं जमल्याशिवाय कुठेही काही बोलायचं नाही. एका बाईचा वाईट दिवस म्हणजे डॉक्टरांचं प्रगतिपत्रक नव्हे.

सरकारी दवाखान्यासोबत खासगी दवाखानाही मोजायचा. आपण तिथे खिशातले पैसे देतो, मग तिथे कान का मिळू नये?

आणि शेवटचा नियम. त्या दिवशी दवाखान्यात किती गर्दी होती तेही विचारायचं आणि लिहायचं.

डॉक्टरांची बाजू

हा शेवटचा नियम का, ते सांगते. समजा एका आरोग्य केंद्रात सकाळी नऊ ते दुपारी एक ओपीडी आहे. चार तास, म्हणजे 240 मिनिटं. डॉक्टर एकटे आहेत आणि केसपेपर निघालेत शंभर. एका रुग्णाला अडीच मिनिटंही येत नाहीत. त्यात ऐकायचं, तपासायचं, लिहायचं, समजावून सांगायचं. दीड मिनिट आपणच बोललो तर त्यांना उरलं एक मिनिट. 2017 साली 67 देशांची माहिती एकत्र करून एक तुलना छापली गेली. स्वीडनमध्ये एका रुग्णाला सरासरी साडेबावीस मिनिटं मिळतात आणि बांगलादेशात 48 सेकंद. बांगलादेशातल्या डॉक्टरांना कान नाहीत असं थोडंच आहे? त्यांना वेळ नाही.

म्हणून हा कागद डॉक्टरांना धरून ठोकायचं लाकूड नाही. बँकेचे साहेब आपल्या गटाची श्रेणी ठरवायला येतात, रजिस्टरं बघतात, मार्क देतात, तेव्हा आपल्या पोटात गोळा येतो की नाही? दुष्काळाच्या वर्षी परतफेड थकली म्हणून कुणी नुसता आकडा बघून "क" श्रेणी दिली तर आपल्याला कसं वाटतं? आपण म्हणतो, साहेब, पाऊस पण बघा ना. मग आपणही डॉक्टरांची गर्दी बघायची.

उत्तरं जमली की आधी ती डॉक्टरांनाच दाखवायची. एकट्यात, चहा घेत, मान ठेवून. बऱ्याच डॉक्टरांना माहीतच नसतं की बाई बोलायचं मनात ठेवून गेली. त्यांच्यापुढून तर ती मान हलवून, हात जोडून जाते. काही गोष्टी त्यांच्या हातातल्या असतात. दाराला पडदा लावणं, रांग खुर्चीच्या मागून हलवून दाराबाहेर नेणं, "आणखी काय त्रास होतोय" असं विचारणं. याला पैसे लागत नाहीत. काही गोष्टी त्यांच्या हातात नसतात. रिकामं पद, दुसरा डॉक्टर, बसायला जागा. त्या गोष्टी घेऊन आपण रुग्ण कल्याण समितीत आणि ग्रामसभेत जायचं. तेव्हा "आमचं ऐकत नाहीत हो" असं म्हणण्यापेक्षा, "तीस बायकांपैकी इतक्या जणींचं सांगायचं राहून गेलं आणि त्या दिवशी इतके केसपेपर होते" असं म्हणायचं. इतिवृत्तात लिहावं लागेल असं बोलायचं. गटाने आपल्याला हेच शिकवलंय ना, जे लिहिलं नाही ते झालं नाही.

पडदा हा काही मेहरबानीचा विषय नाही, हेही लक्षात ठेवा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत आजाराबद्दल माहिती मिळण्याचा आणि खासगीपणाचा हक्क आहे. पुरुष डॉक्टर बाईला तपासत असतील तर सोबत दुसरी बाई हजर असली पाहिजे, हेही त्यात आहे. 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या खासगी नर्सिंग होमच्या नियमांत बदल झाले, तेव्हा रुग्ण हक्कांची सनद लोकांना दिसेल अशी लावायची हेही आलं. पुढच्या वेळी गेलात की भिंतीकडे बघा.

आणि आपली बाजू

आता थोडं आपल्यालाही मार्क देऊ. दवाखान्यात जाताना आपण साडी चांगली नेसतो, पैसे मोजून घेतो, पण काय सांगायचं ते ठरवून जात नाही.

जायच्या आधी एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहा. काय होतंय, कधीपासून होतंय, आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत. लिहिता येत नसेल तर लेकीला, सुनेला सांगा. ज्याची सगळ्यात जास्त लाज वाटते ते सगळ्यात वर लिहा. आणि ते तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात द्या. जुने कागद पिशवीत घ्या. शक्य असेल तर गटातली एक मैत्रीण सोबत न्या. मागे माणसं उभी असतील तर तिने एवढंच म्हणायचं, "दादा, जरा बाहेर थांबता का, ताईंना डॉक्टरांशी बोलायचंय." स्वतःसाठी हे म्हणायला जड जातं, मैत्रिणीसाठी सहज म्हणता येतं.

आणि निघताना डॉक्टरांनी सांगितलेलं एकदा त्यांच्यासमोरच म्हणून दाखवा. "म्हणजे ही लाल गोळी सकाळी जेवणानंतर, आणि ही रात्री, बरोबर ना?" चूक असेल तर तिथल्या तिथे कळते.

पुढचं काम

पुढच्या महिन्यापासून पहिल्या टप्प्यात तीन ग्रामसंघ हे काम करणार आहेत. कोणते ते अध्यक्षताई जाहीर करतील. कागद संघाच्या ऑफिसात ठेवलेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तीन चेहरे काढलेत, हसरा, मधला आणि उदास. तीन महिन्यांनी आपण परत बसू, मोजू आणि काय निघालं ते याच अंकात छापू. चांगलं निघालं तरी छापू.

मागच्या आठवड्यात मी हा कागद घरी घेऊन गेले आणि आईला पाच प्रश्न विचारले. पहिल्या दवाखान्याबद्दल तिने दहापैकी एक मार्क दिला. मी म्हटलं, एक तरी कशाचा? ती म्हणाली, "गोळी जेवणानंतर घ्या, एवढं नीट सांगितलं होतं गं." मग तिने कागद हातात घेतला आणि पाचव्या प्रश्नावर बोट ठेवून बराच वेळ बघत बसली. म्हणाली, "हे तेव्हा कुणी विचारायला पाहिजे होतं."

तिला तेव्हा कुणी विचारलं नाही. तुमच्या शेजारच्या ताईला तुम्ही या महिन्यात विचारा.

वीस मिनिटं झाली. तुम्ही मला मध्येच तोडलं नाहीत, याबद्दल तुम्हाला माझ्याकडून दहापैकी दहा. चला, भात गार होतोय.